शेतकऱ्याचें घर आणि वास्तुविशारदाचें साहाय्य

पीक चुकलें तर एक हंगाम जातो. घर चुकलें तर तीस-चाळीस वर्षें तें चुकलेलें घर सांभाळीत बसावें लागतें. असें असूनहि आपल्या शेतकरी वर्गाची रीत उलटी आहे. बियाणें घेतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों, बैल घेतांना त्याचे दांत मोजतों, विहीर खणण्यापूर्वीं दहा जणांचा सल्ला घेतों. परंतु आयुष्यांतील सर्वांत मोठा खर्च जो घराचा, तो मात्र शेजाऱ्याच्या बंगल्याकडे बोट दाखवून गवंड्यास "असेंच करून दे" एवढें सांगून उरकतों. या लेखांत घर बांधतांना आर्किटेक्ट, म्हणजे वास्तुविशारद, याची मदत कशी घ्यावी, त्याच्याकडून काय मागावें आणि आपण त्यास काय पुरवावें, याचा क्रमशः विचार करावयाचा आहे.

हा विषय आपल्या टापूंत विशेष निकडीचा झाला आहे. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला; १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली; आणि २००९ सालीं चाकणजवळ फोक्सवॅगन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. या अवधींत हवेली, मावळ, मुळशी व खेड या तालुक्यांतील पुष्कळ जमीन कारखाने, रस्ते व वसाहती यांकडे गेली. जमिनीचा मोबदला एकदांच येतो. जमीन दरवर्षीं पिकते, मोबदला पिकत नाहीं. त्या पैशाचा मोठा वांटा बहुधा घरांत जातो. म्हणून घर हें उरलेल्या जमिनीस व उरलेल्या शेतीस उपयोगी पडेल असेंच बांधलें पाहिजे. तसें न झाल्यास काय होतें तें नाशिक रस्त्यानें जातांना कोणासहि दिसेल. पश्चिमेस भली मोठी कांच, वर उघडा तापणारा स्लॅब, आंत यंत्रानें गार केलेली एक खोली, आणि कांदा, खताचीं पोतीं व गुरें यांना जागा नाहीं म्हणून मागाहून ठोकलेलीं पत्र्यांचीं छपरें!

याच्या उलट उदाहरण पुण्याच्या पूर्वेस हडपसर येथें आहे. तेथील मगरपट्टा भागांतील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली ४०० एकरांहून अधिक जमीन विकून न टाकतां एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, वास्तुविशारद म्हणून हफीज काँट्रॅक्टर यांस नेमलें, आणि सन २००० च्या सुमारास नगर वसविण्यास आरंभ केला. आपल्यास नगर वसवावयाचें नाहीं, एक घर बांधावयाचें आहे. तथापि त्यांतील धडा लहान घरासहि लागू आहे. तो असा कीं, जमिनीचा धनी स्वतः विचार करून तज्ज्ञास नेमतो, तेव्हां तज्ज्ञाची विद्या धन्याच्या उपयोगीं पडते.

१. वास्तुविशारद कोण व त्याचें काम काय

आपल्या देशांत १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणें वास्तुविशारदांच्या परिषदेकडे ज्याची नोंद आहे, त्यालाच "आर्किटेक्ट" ही संज्ञा आपल्या नांवास लावतां येते. म्हणून प्रथम त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. यांत संकोच मानण्याचें कारण नाहीं. घराची मांडणी, उजेड-वारा, साहित्याची निवड, नकाशे व कामाची वेळोवेळची पाहणी हें वास्तुविशारदाचें काम होय. पाया, खांब, तुळया व स्लॅब यांतील लोखंड किती व कोठें, हें गणित रचना-अभियंत्याचें. काम उभें करणें हें ठेकेदाराचें. हीं तीन कामें तीन जणांचीं आहेत. एकाच माणसानें तिन्ही पत्करलीं तर त्याच्या कामावर नजर ठेवणारा कोणी उरत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

"नकाशा तर गवंडीहि काढतो, मग फी कशास?" असा प्रश्न नेहमीं येतो. त्याचें उत्तर हिशेबानें द्यावें. समजा, १८०० चौरस फुटांचें घर ३६ लाख रुपयांत व्हावयाचें आहे. म्हणजे चौरस फुटास २००० रुपये पडले. खोल्यांची मांडणी नीट केल्यानें १५० चौरस फुटांचा निरुपयोगी बोळ वाचला, तर ३ लाख रुपये तेथेंच वाचले. याखेरीज पुढील तीस वर्षें दिवसां दिवे न लावतां उजेड मिळाला व उन्हाळ्यांत यंत्राविना झोंप आली, तर तो लाभ निराळाच. मात्र हा लाभ वास्तुविशारद विचारी असेल तरच होतो. म्हणून त्यानें पूर्वीं बांधलेलीं निदान दोन घरें पाहावींत. तींहि नवीं कोरीं नव्हत, तर ज्यांवरून दोन-तीन पावसाळे गेले आहेत अशीं. तेथील गृहिणीस विचारावें: ओल कोठें येते, धूर कोठें कोंडतो, दुपारीं कोणत्या खोलींत बसवत नाहीं? चित्रांच्या पुस्तकापेक्षां हीं उत्तरें अधिक उपयोगी पडतात.

२. पहिल्या भेटीपूर्वींची तयारी

वैद्याकडे जातांना रोगाची हकीकत नीट सांगावी लागते, तसेंच येथें आहे. पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

पहिली गोष्ट, जमिनीचे कागद. सातबारा उतारा, भूमि-अभिलेख खात्याच्या मोजणीचा नकाशा, आणि ती जमीन विकास आराखड्यांत कोणत्या पट्ट्यांत येते त्याचा दाखला. आपल्या टापूंत रस्त्यांचीं व इतर आरक्षणें पुष्कळ आहेत. जोत्यापर्यंत काम आल्यावर आरक्षणाची रेघ घरांतून जाते असें कळणें हें मोठें संकट होय. परवानगी ग्रामपंचायतीच्या हद्दींत, महानगरपालिकेच्या हद्दींत व २०१५ सालीं स्थापन झालेल्या पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रांत एकाच तऱ्हेनें मिळत नाहीं. गांवठाणांतील घर व शेतांतील घर यांचे नियमहि वेगळे आहेत. नियम वारंवार बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबतां, अर्ज करण्याच्या वेळीं लागू असलेला नियम वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावा.

दुसरी गोष्ट, कुटुंबाची व धंद्याची यादी. माणसें किती, वृद्ध किती, गुरें किती, ट्रॅक्टर व अवजारें कोणतीं, वर्षाचें धान्य किती पोतीं, कांदा किती दिवस ठेवावयाचा. चाकणची पेठ कांद्याची. परंतु कांदा राहत्या घरांत ठेवणें हें कांद्यास व माणसांस दोघांसहि वाईट. कांदाचाळीस खालून व बाजूंनीं वारा खेळता पाहिजे. तिची जागा घराच्या आराखड्यांतच, पण घरापासून अलग, ठरवावी.

तिसरी गोष्ट, उद्यांचा विचार. आज एकत्र असलेले दोन भाऊ दहा वर्षांनीं दोन चुली मांडतील, ही शक्यता प्रत्येक घरांत असते, आणि तीच कोणी उच्चारीत नाहीं. वास्तुविशारदास ती मोकळेपणानें सांगावी. जिना बाहेरून ठेवला, पाण्याचे नळ व वीजमापक यांची सोय आरंभींच दुहेरी केली, तर पुढें भिंत न फोडतां घर दोघांस वांटतां येतें. घर वांटतां न आल्यामुळें तुटलेले भाऊ आपण सर्वांनींच पाहिले आहेत.

चौथी गोष्ट, वडीलधाऱ्या माणसांच्या श्रद्धा. देवघर, चूल व दार यांच्या दिशांविषयीं ज्या अपेक्षा असतील त्या पहिल्याच भेटींत सांगाव्यात. मागाहून सांगितल्यास नकाशा मोडतो व पैसेहि जातात. आणि या भेटीस घरांतील बायकांस अवश्य न्यावें. ओट्यापाशीं दिवसाचे कित्येक तास त्या उभ्या राहतात. त्याची उंची ठरविण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

पांचवी गोष्ट, पैसा. दोन आंकडे सांगावेत: एक, खर्च करण्याची मर्यादा; दुसरा, अडचणीसाठीं बाजूस ठेवलेली रक्कम, निदान दहावा हिस्सा. पहिला आंकडा लपविल्यास वास्तुविशारद आपल्या अंदाजानें घर आंखतो, आणि मग अर्धें घर कर्जावर उभें राहतें.

३. जागा व पाया

घरासाठीं चांगली पिकाऊ जमीन घालवूं नये. गांवोगांव चढाची, मुरमाड, कमी कसाची जागा असते. तीच घरास उत्तम, कारण तेथें पाया लवकर लागतो व पाणी साचत नाहीं. मात्र डोंगराच्या पायथ्याशीं बांधणाऱ्यांनीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण विसरूं नये. ३० जुलै २०१४ रोजीं तेथें दरड कोसळून सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. खेड व मावळच्या पश्चिम भागांत उतार, ओढ्याची वाट व वरच्या डोंगराची स्थिति पाहिल्याशिवाय जागा नक्की करूं नये.

काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पिकाखालीं हा गुण आहे, घराखालीं तो दोष आहे. प्रस्तुत लेखकानें आपलें पहिलें घर एका गवंड्याच्या भरंवशावर काळींत तीन फूट पाया खणून बांधलें. दुसऱ्या उन्हाळ्यांत खिडक्यांच्या कोंपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. तिसऱ्या वर्षीं दारें लागेनाशीं झालीं. दुरुस्तीस जो खर्च आला, त्यांत वास्तुविशारद व अभियंता या दोघांचीहि फी भागली असती. तेव्हां नकाशा काढण्यापूर्वीं जागेवर दोन-तीन खड्डे खणून मुरूम किती फुटांवर लागतो तें अभियंत्यास दाखवावें. मुरूम जवळ असल्यास पाया तेथपर्यंत न्यावा. तो फार खोल असल्यास खालीं रुंद फुगीर टोंक असलेले काँक्रीटचे खुंट पुरून त्यांवर तुळया टाकण्याची रीत आहे. तिचा विचार अभियंत्यानें करावा. घराभोंवतीं तीन-चार फूट रुंद फरसबंदी करून पागोळ्यांचें पाणी पायापासून दूर नेल्यास काळी माती एकाच ओलींत राहते व फुगणें-आकसणें कमी होतें.

४. ऊन, वारा व पाऊस

वास्तुविशारदानें आपल्या गांवचा सूर्य ओळखून घर मांडलें कीं नाहीं, हें तपासणें कठीण नाहीं. चाकण उत्तर अक्षांश पावणेएकोणीसच्या जवळ आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास व पुन्हां जुलैच्या अखेरीस दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तो दुपारीं दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवरच असतो. याचा उपयोग असा: दक्षिणेच्या खिडकीवर दोन फूट रुंद छज्जा असला, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत दुपारीं त्याची सावली छज्जाच्या खालीं जवळजवळ सहा फूट पडते, म्हणजे सबंध खिडकी झांकली जाते, तीच सावली डिसेंबरांत सव्वादोन फुटांहून थोडी कमी पडते, म्हणजे थंडींत खिडकीच्या खालच्या भागांतून ऊन घरांत येतें. एकाच छज्जानें उन्हाळ्यांत सावली व हिवाळ्यांत ऊब मिळते. त्यास वीज लागत नाहीं.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. तिसऱ्या प्रहरीं सूर्य खालीं उतरलेला असतो, त्याची तिरीप छज्जाखालून आंत शिरते. तेथें छज्जा निरुपयोगी. म्हणून पश्चिमेस निजावयाच्या खोल्या न ठेवतां जिना, कोठार, न्हाणी अथवा पडवी ठेवावी आणि पुढें झाड लावावें. आंबा किंवा कडुनिंब चालेल. पण भिंतीपासून निदान वीस-पंचवीस फूट दूर. काळ्या जमिनींत तर अधिक दूर, कारण मुळें ओल ओढून घेतात व पाया खचतो. वड, पिंपळ, उंबर हीं झाडें घराजवळ नसावींत.

आपल्या जुन्या वाड्यांत व घरांत ओसरी, पडवी व मधला चौक असे. ती केवळ रीत नव्हती. चौकांतून तापलेली हवा वर जाई आणि ओसरीवरून सावलींतील हवा आंत येई. आज चार खोल्यांच्या घरासहि लहानसा चौक अथवा माथ्यावर झरोका देतां येतो. तो वास्तुविशारदाकडे मागावा.

पावसाच्या बाबतींत एकच नकाशा सर्व गांवांस चालत नाहीं. लोणावळ्यास वर्षाला ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुणें शहरास सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर. मावळांत उतरतें छप्पर व भिंतीबाहेर दूर आलेल्या पागोळ्या हव्यात. चाकणच्या पूर्वेस सपाट गच्ची चालते. उघडा स्लॅब मात्र दिवसभर तापून रात्रीं उष्णता खालीं सोडतो. त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केल्यास, अथवा सूर्यपट उंच चौकटीवर बसवून त्यांचीच सावली केल्यास, खालची खोली पुष्कळ सुसह्य होते.

५. भिंती व छप्पर

साहित्य जितकें जवळचें तितकें बरें, हें मत नवें नाहीं. सेवाग्राम येथें १९३६ पासून महात्मा गांधींच्या वास्तव्यासाठीं ज्या कुट्या उभ्या राहिल्या, त्या माती, बांबू, लांकूड व कौलें यांच्याच होत्या आणि आजहि त्या पाहावयास मिळतात. पुढें वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानें कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या निमुळत्या कौलांची, लोखंड न लागणारी कमानदार छपरें प्रचारांत आणलीं. केरळांत लॉरी बेकर (१९१७–२००७) या वास्तुविशारदानें विटा कडेवर उभ्या करून मध्यें पोकळी राखणाऱ्या भिंती शेंकडों घरांत बांधल्या. अशा नऊ इंची भिंतीस सुमारें एक चतुर्थांश विटा कमी लागतात आणि मधल्या हवेमुळें ऊन आंत कमी येतें. मात्र विटा सारख्या आकाराच्या हव्यात व गवंड्यास ती बांधणी शिकवावी लागते. प्रथम एक लहान भिंत करून पाहावी.

आपल्याकडे काळा दगड मुबलक आहे. जोतें त्याचेंच करावें. विटेविषयीं एक गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत घ्यावी. भट्टीच्या विटा शेतांतील वरच्या मातीच्या होतात. वीतभर सुपीक माती विकून आलेला पैसा वर्षांत संपतो, पण ती माती पुन्हां तयार होण्यास पिढ्या लागतात. त्याऐवजीं राखेच्या विटा, अथवा खालच्या थरांतील मुरमाड मातींत शेंकडा ५ ते ८ सिमेंट मिसळून यंत्रानें दाबलेले ठोकळे वापरतां येतात. त्यांस भाजावें लागत नाहीं, पाण्यानें भिजवून पक्के करावे लागतात. काळी माती यास चालत नाहीं, आणि मातीची परीक्षा केल्याशिवाय हें काम आरंभूं नये.

परंतु जुनें तें सर्व चांगलें, असाहि समज करूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं, तीं मुख्यतः मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीचें जड माळवद कोसळल्यामुळें. त्या भिंतींच्या आंतल्या व बाहेरच्या थरांस जोडणारे आरपार दगड नव्हते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यापर्यंत जाणवला होता. तेव्हां भिंत दगडाची असो कीं मातीच्या ठोकळ्यांची, जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर व छपराखालीं लोखंड घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा घराभोंवतीं फिरला पाहिजे. यांत काटकसर करूं नये.

६. पाणी, सांडपाणी व ऊर्जा

१५०० चौरस फुटांच्या छपरावर, म्हणजे सुमारें १४० चौरस मीटरांवर, ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९८,००० लिटर पाणी येतें. पांचवा हिस्सा वाया गेला असें धरलें तरी ७८,००० लिटर उरतें. सहा माणसांच्या पिण्यास व स्वयंपाकास माणशीं दहा लिटरांप्रमाणें रोज ६० लिटर लागतें. ऑक्टोबर ते मे या २४० दिवसांस १४,४०० लिटर. म्हणजे ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद व २ मीटर खोल अशी झांकलेली टांकी वर्षभराच्या पिण्याच्या पाण्यास पुरते, आणि बाकीचें पाणी विहिरीच्या अथवा कूपनलिकेच्या पुनर्भरणास सोडतां येतें. पहिल्या दोन-तीन सरींचें पाणी टांकींत न घेतां बाहेर सोडण्याची वेगळी तोटी हवी. पाणी गाळून घ्यावें व पिण्यापूर्वीं उकळावें. कारखान्यांच्या शेजारच्या विहिरींचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घेतल्याखेरीज त्यावर घराचा भरंवसा ठेवूं नये.

शौचकूपाचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे ६० फूट, दूर व उताराच्या बाजूस असावा. न्हाणीचें व मोरीचें पाणी वेगळ्या नळानें काढून केळी व परसबागेस द्यावें. दोन नळ वेगळे ठेवण्याचें आरंभींच ठरलें तर खर्च नाममात्र, मागाहून फरशी फोडून करावयाचें तर भारी. घरीं चार-पांच जनावरें असल्यास रोजच्या ५० किलो शेणावर २ घनमीटरांचें गोबरगॅस यंत्र चालतें व पांच-सहा माणसांचा स्वयंपाक बहुतांशीं निघतो. त्यासाठीं गोठा व स्वयंपाकघर यांत फार अंतर नसावें.

विजेसाठीं सूर्यपट बसवावयाचे असल्यास एका किलोवॅटास सुमारें १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते व दिवसास सरासरी चार युनिटें मिळतात. पट दक्षिणेकडे कललेले असावेत. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत एका किलोवॅटास ३०,०००, दोन किलोवॅटांस ६०,००० व तीन किंवा अधिक किलोवॅटांस ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यांत आलें. मागणी करण्यापूर्वीं चालू दर पाहून घ्यावा. पाण्याची टांकी व जिन्याची खोली गच्चीच्या उत्तर बाजूस घेतली नाहीं, तर त्यांचीच सावली पटांवर पडते. ही चूक फार ठिकाणीं दिसते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनें "गृह" पद्धतीनें मान्यता मिळालेल्या हरित इमारतींस करांत सवलत देण्याची योजना आणली आहे. हद्दींतील वाचकांनीं तिचीहि चौकशी करावी.

७. करार, आंखणी व देखरेख

वास्तुविशारदाशीं करार लेखी असावा. फी खर्चाच्या शेंकड्यानें कीं चौरस फुटानें, ती कोणत्या टप्प्यास किती द्यावयाची, कोणते नकाशे मिळणार, कामावर किती भेटी होणार आणि अभियंत्याची फी त्यांत धरली आहे कीं नाहीं, एवढ्या गोष्टी त्यांत हव्यात. सबंध फी आगाऊ देऊं नये, आणि टप्पा पुरा झाल्यावर अडवूनहि ठेवूं नये.

कच्चा आराखडा हातीं आल्यावर एक साधी युक्ति करावी. जागेवर फक्कीनें सबंध घर खऱ्या मापानें आंखावें, आणि घरांतील सर्वांनीं त्यांतून फिरून पाहावें. येथें खाट, येथें ओटा, येथें धान्याची कोठी, असें प्रत्यक्ष ठेवून पाहावें. कागदावर मोठी वाटणारी खोली जमिनीवर लहान निघते. या वेळीं पुसावयाची रेघ फक्कीची असते. पुढें पुसावयाची भिंत विटांची असते.

आराखडा नक्की झाल्यावर वास्तुविशारदाकडून साहित्य व परिमाण यांसह तपशीलवार अंदाजपत्रक घ्यावें आणि तेंच तीन ठेकेदारांस देऊन दर मागवावेत. नुसत्या "चौरस फुटास अमुक" या बोलीवर काम देऊं नये; त्यांत पायाची खोली, लोखंडाचें वजन व सिमेंटची जात या गोष्टी मोघम राहतात, आणि तंटा नेमका तेथेंच होतो. बिलाच्या शेंकडा पांच रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी व तसें करारांत लिहावें.

काम चालू असतां हुकूम देणारें तोंड एकच असावें. वडिलांनीं एक सांगावें, मुलानें दुसरें, आणि मामानें येऊन तिसरें, असें झालें कीं गवंडी ज्यांत त्याची सोय तें करतो. बदल करावयाचा तर तो वास्तुविशारदास कळवून, नकाशावर लिहून, त्याचा खर्च समजून मगच करावा. काँक्रीटास पाणी मारण्याचें काम शेतकऱ्यानें स्वतः अंगावर घ्यावें. साध्या सिमेंटास निदान सात दिवस व राख किंवा मळी मिसळलेल्या सिमेंटास निदान दहा दिवस तें सतत ओलें राहिलें पाहिजे. पीक पाण्यावांचून करपतें तें डोळ्यांस दिसतें; काँक्रीट पाण्यावांचून कच्चें राहतें तें दिसत नाहीं, एवढाच फरक. स्लॅब टाकण्यापूर्वीं लोखंड अभियंत्यानें स्वतः पाहून सही केल्याशिवाय मिश्रण ओतूं देऊं नये. शेवटीं भोगवटा प्रमाणपत्र, आणि नळ, तारा व गाडलेल्या टांक्या कोठें आहेत हें दाखविणारा अखेरचा नकाशा घेऊन तो सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवावा.

उजळणी

वाचकांनीं आपल्या मनांतील घराविषयीं पुढील प्रश्नांचीं उत्तरें लिहून पाहावींत.

१. आपल्या जागेंत मुरूम किती फुटांवर आहे, व तें कोणी पाहिलें?
२. मे महिन्यांत दुपारीं चार वाजतां आपल्या निजण्याच्या खोलीच्या कोणत्या भिंतीवर ऊन असेल?
३. आपल्या छपरावर वर्षाकाठीं किती लिटर पाणी पडतें, व त्यांतील किती आपण ठेवणार?
४. उद्यां दोन चुली झाल्यास घर भिंत न फोडतां वांटतां येईल काय?
५. या घरानंतर शेतींत घालावयास किती पैसा उरेल?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर जर "कांहीं नाहीं" असें येत असेल, तर नकाशा पुन्हां वास्तुविशारदापुढें ठेवून दोन खोल्या कमी कराव्यात. घर शेतीनें पोसावें. घरानें शेती खाऊं नये.